फळीवरचे दोन ठोके

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अबुधाबीत, रेवाच्या आइस रिंकबाहेरच्या पार्किंगमध्ये, एसी चालू ठेवून गाडीत बसले होते. सांगलीहून धाकटे दीर बोलत होते. "वहिनी, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला आणि..." अण्णा म्हणजे माझे सासरे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. राहायचे आमच्याकडेच; पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला म्हणून आठच दिवसांपूर्वी सांगलीला गेले होते आणि दाखला देऊनही झाला होता. चौदा वर्षांची माझी मुलगी आत बर्फावर होती. तिला हे कसं सांगायचं, हा पहिला विचार. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या पाठोपाठ दुसराही आलाच... आता हिच्याबरोबर आत कोण बसणार?

दीड वर्षापूर्वी रेवा कुणाच्या तरी वाढदिवसाला त्या रिंकवर गेली आणि घरी येऊन म्हणाली, मला आइस हॉकी शिकायचीय. तिथली इतर मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासून बर्फावर घसरत आलेली. ही नवखी म्हणून तिला आठ-नऊ वर्षांच्या मुलांत घातलं. सगळ्यांत उंच हीच आणि सगळ्यांत जास्त पडणारीही हीच. मी मुळात धास्तावलेली बाई. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी. नवरा, मंदार, महिन्यातले पंधरा दिवस समुद्रात तेलाच्या रिगवर. तो तिकडून "खेळू दे गं" म्हणून मोकळा. पहिल्या दिवशी मी आत गेले होते. एक मुलगी धाडकन कडेच्या फळीवर आदळली. तो आवाज ऐकून मी जी बाहेर आले, ती पुन्हा आत गेलेच नाही. मग मी अण्णांना गळ घातली. म्हटलं, "तुम्ही आत बसा. जरा जरी धोक्याचं वाटलं तर मला सांगा, त्या दिवशी हे बंद." अण्णा हसले. "बघतो की. अजून डोळे आहेत मला."

झालं, दर शनिवारी सकाळी ही जोडी निघायची. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि रिंकच्या लॉबीत अण्णा बॅगेतून स्वेटर, माकडटोपी, शाल काढून एकेक अंगावर चढवतायत. डांबरगोळ्यांचा वास सगळीकडे. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर कधी पाऊल न ठेवलेला, लिफ्टसाठी दहा मिनिटं थांबणारा हा माणूस तिथे मात्र ऐटीत जाऊन बसायचा. मला 'काळजीचं दुकान' म्हणायचा. गाडीत बसल्याबरोबर मी विचारायची, "कशी खेळली?" उत्तर ठरलेलं. "आज नऊदा पडली. नऊदा उठली." लागलं का विचारलं तर, "उठली म्हटलं ना." नऊचे सात झाले, सातचे पाच झाले. गोल कुणी केला, हिला ती काळी चकती मिळाली का, याबद्दल अक्षर नाही. मला वाटायचं, यांना खेळ कळत नसावा. त्यांचा चष्मा बहुतेक वेळा हातातल्या डबीत असायचा. एकदा विचारलं, तर म्हणाले, "गारठ्यानं काचेवर वाफ धरते गं."

मध्यंतरी कोचने माझ्याकडे तक्रार केली. ही पडली की उठून आधी कडेला जाते आणि फळीवर स्टिक दोनदा आपटते, तोवर खेळ पुढे गेलेला असतो. मी रेवाला रागावले. ती "ओके" म्हणाली आणि तिने ते काही सोडलं नाही.

अण्णांचे दिवस आटोपून आम्ही सांगलीहून परतलो. येत्या शनिवारी रेवाची पहिली मॅच होती. मी तिला सांगून टाकलं, की आता पुरे. "इतके दिवस अण्णा होते म्हणून चाललं. ते बघत होते." रेवा बॅगेत पॅड भरत होती. वर न बघताच म्हणाली, "ही नेव्हर वॉच्ड, आई."

मला कळेचना.

"अण्णा चष्मा काढून डोळे मिटून बसायचे. ही वॉज सो स्केअर्ड. म्हणून पडले की उठल्यावर मी दोनदा नॉक करायचे. म्हणजे त्यांना कळायचं, आय ॲम अप."

मला आधी रागच आला. ज्या डोळ्यांच्या भरवशावर मी दीड वर्ष बाहेर बसले, ते मिटलेले होते! मग एकेक गोष्ट आठवत गेली. चष्म्यावर वाफ धरते ती थंडाव्यातून बाहेर उन्हात आल्यावर, आत नाही. इतकी वर्षं या देशात काढून मला हे सुचू नये? आणि ते आकडे... ते त्यांनी कानांनी मोजलेले होते. एका शब्दात त्यांना हे सगळं थांबवता आलं असतं, मी तर त्या शब्दाची वाटच बघत होते. त्यांनी तो उच्चारला नाही. माझ्याइतकेच घाबरायचे, पण आत जाऊन बसायचे. रात्री मी त्यांची शाल कपाटातून काढली आणि रेवाच्या बॅगेवर ठेवली. ती येऊन बिलगली.

शनिवारी मी आत गेले. रेवाने दाखवलेल्या त्यांच्या जागेवर, तिसऱ्या रांगेत कडेला, शाल गुंडाळून बसले. मॅच सुरू झाली. जाळीच्या हेल्मेटमध्ये सगळी मुलं सारखीच दिसत होती, पण उंचीवरून आपली ओळखू आली. कुणीतरी तिच्या अंगावर आलं आणि माझा हात कधी माझ्या चष्म्याकडे गेला ते मला कळलं नाही. डोळे गच्च मिटले. धाडकन आवाज. मग काहीच नाही... बराच वेळ काहीच नाही. आणि मग माझ्या समोरच्या फळीवर, ठक, ठक.

संध्याकाळी रिगवरून मंदारचा फोन आला. "कशी खेळली आपली पोरगी?"

"पाचदा पडली," मी म्हटलं. "पाचदा उठली."

गोल कुणी केले, ते मला सांगता आलं नाही.