बेडकाची बेरीज

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. उभा जन्म पहिलीच्या वर्गात घालवून ती निवृत्त झाली, आणि घरी बसून गंज चढायला नको म्हणून लहान मुलांचे कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिथली सगळी पोरं तिच्या मुलीच्या वयाची. कोणी चित्रं काढायचं, कोणी प्रोग्रॅम लिहायचं. गणित शिकवायचं कसं, हे ठरवणं तिच्याकडे.

तिने एक बेडूक बसवला. तळ्यात आकडे घातलेले दगड ओळीने मांडलेले. बेडूक तीनवर आहे, अजून दोन उड्या मारल्या तर कुठे पोचेल? मुलाने दगड निवडायचा. चुकला, की बेडूक डुबुक करून पाण्यात पडायचा, डोकं झटकत परत तीनवर यायचा आणि एकेक उडी मोजून दाखवायचा. मुलं खिदळायची, पुन्हा चुकायची, आणि बघता बघता बेरीज शिकायची.

तिथेच घोडं अडलं.

"मॅडम, मुलं टिकत नाहीत," मालक म्हणाला. तिशीही न गाठलेला, गोड बोलणारा माणूस. "थोडे दिवस खेळतात आणि गेम बंद करतात."

"शिकली की जाणारच! पहिली पास झालेलं पोर परत पहिलीत बसतं का?"

सगळे हसले. मालकही हसला. मग म्हणाला, "बरोबर दगड आधीच जरा चमकवू या. मूल हरणार नाही, हरलं नाही तर जाणार नाही."

"मग ते मोजेल कशाला?"

तिने चार दिवस हुज्जत घातली. पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तीही हो म्हणाली. नुसती हो म्हणून थांबली नाही, तर चमक सोनेरी ठेवा, मुलांना लगेच दिसते, हेही तिनेच सांगितलं. इतक्या वर्षांचा अनुभव होता ना!

गेम तुफान चालला. बेडकाला टोप्या आल्या, चष्मे आले. कुठल्याशा समारंभात 'उत्कृष्ट शैक्षणिक खेळ' म्हणून बक्षीस मिळालं. ते घ्यायला मालकाने तिलाच पुढे केलं आणि ती गेली.

पुढे एका सुट्टीत ती मुलीकडे राहायला गेली. मुलगी कौतुकाने म्हणाली, "आई, तुझी नात दिवसभर गणितच करते गं! एक चूक होत नाही."

मास्तरीणबाईंनी शिवणाच्या डब्यातली बटणं टेबलावर मांडली. इकडे तीन, तिकडे दोन. "सांग बघू, सगळी मिळून किती?"

नातीने बटणांकडे पाहिलं. मग खाली वाकून, मान वाकडी करून पाहिलं.

"आजी, यातलं कुठलंच चमकत नाहीये."

मास्तरीणबाईंनी एक बटण तिच्यापुढे सरकवलं. "बोट लावून मोज, बाळा. एक..."

"मला बेडूक हवाय!" पोरीने भोकाड पसरलं.

मुलगी धावत आली. "कशाला रडवतेस तिला?"

"तो गेम काढून टाक. तिला काही येत नाही."

"काही येत नाही? तूच केलास ना तो? माझी आई शिक्षिका आहे, तिने बनवलाय, असं सांगून मी सगळ्या मैत्रिणींना दिलाय!"

"हो. मीच केलाय."

मुलीने नातीला कडेवर घेतलं आणि तिच्या हातात टॅब दिला. रडं थांबलं.

सुट्टी संपल्यावर मास्तरीणबाई तडक मालकाच्या केबिनमध्ये गेल्या. चमक काढा म्हणाल्या. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, आता वजाबाकीचं बघा ना."

त्यांनी नोकरी सोडली. कोणाचं काही अडलं नाही. वजाबाकीत ससा आला, तोही चमकणाऱ्या बिळांकडे धावणारा.

मुलगी अजून फोन करते, तब्येत विचारते. नात दुसरीत गेली, पण गणिताचा तास आला की तिच्या पोटात दुखतं. "कोणावर गेलीय कोण जाणे," मुलगी म्हणते, आणि मास्तरीणबाई विषय बदलतात.