हरलो काऊन?

जिंकणाऱ्या टीमकडे कप साचतात आणि हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्या वाघोबा क्लबला कपाटाची गरज कधी पडली नाही. किस्से मात्र इतके साचलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो, आणि समोरचा चहा गार होऊन जातो.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. राईस मिलच्या गेटसमोर चहाची टपरी आणि टपरीला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. संध्याकाळी मिलचा आवाज बंद झाला की टपरीच्या बाकावर क्लबची मंडळी जमते. मंडळी म्हणजे पूर्वी पंधरा-वीस जण असायचे. आता मी, कवडूभाऊ आणि मोरेश्वरभाऊ.

मोरेश्वरभाऊंचं आयुष्य मिलमध्ये पोती उचलण्यात गेलं. तरुणपणी ते क्लबकडून फुटबॉल खेळायचे. आता क्लबचे अध्यक्ष तेच, मॅनेजर तेच आणि जर्सी धुणारेही तेच.

बाकीच्या गावांत फॅन लोक एकमेकांना विचारतात, अमक्या फायनलमध्ये गोल कोणी मारला, कप कोणत्या साली आणला. आमच्या बाकावर परीक्षेला एकच प्रश्न असायचा. मोरेश्वरभाऊ मॅचचं नाव घ्यायचे आणि विचारायचे, "हरलो काऊन?" काऊन म्हणजे कशामुळे. हरलो की जिंकलो, असं कोणी विचारायचं नाही. ते धरूनच चालायचं. कारण बरोबर सांगितलं तर बाकावर बसायचं, चुकलं तर उभ्याने चहा प्यायचा.

* * *

"मूलची मॅच. हरलो काऊन?"

हा सोप्यातला सोपा. तरी नवीन माणूस हमखास फसायचा. तो म्हणायचा, "गोलकीपर पळाला म्हणून."

"उभा राय," मोरेश्वरभाऊ म्हणायचे. "पळाला नाई. गेला."

झालं असं की मूल गावातली ती मॅच बरोबरीत होती आणि जादा वेळ सुरू झाला होता. आमचा गोलकीपर सुधाकर जंगलातल्या एका गावचा. त्याच्या गावाकडची शेवटची एसटी मैदानाच्या बाजूच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती चुकली तर पुढचा रस्ता पायी, आणि त्या रस्त्यावर दिवस मावळल्यावर माणूस चालत नाही. सुधाकरने एकदा बॉलकडे पाहिलं, एकदा एसटीकडे पाहिलं आणि गोल सोडून निघाला.

एसटी सुटली तेव्हा त्याने खिडकीतून आम्हाला हात केला. हातमोजे हातातच होते. आम्ही सगळे तिकडे बघत होतो आणि इकडे गोल झाला.

सुधाकर मग परत खेळायला आला नाही, हातमोजेही आले नाहीत. त्याच्या जागी मोरेश्वरभाऊंचा मुलगा दिनेश उभा राहू लागला, उघड्या हातांनी. पोरगा चांगला होता. त्याच्यामुळे आम्ही कमी गोलांनी हरायला लागलो.

* * *

एका साली कवडूभाऊंनी नागपूरच्या दुकानदाराला फोनवरून जर्सीची ऑर्डर दिली. फोन केला तो राईस मिलच्या गेटवर उभं राहून, मिल चालू असताना. जर्सी आल्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'वांगोबा क्लब'.

"मी वाघोबाच म्हटलो होतो," कवडूभाऊ अजून सांगतात. "त्याले वांगोबा ऐकू आलं त मी का करू?"

परत पाठवायला वेळ नव्हता. मोरेश्वरभाऊ म्हणाले, "नंबर तं बरोबर आहेत ना? घाला मंग." पोरांनी घातल्या.

त्या मॅचबद्दल विचारलं की लोक सांगतात, जर्सीमुळे हरलो. ते उत्तर चूक आहे. जर्सी घालून आम्ही अर्धी मॅच नीट खेळलो. हाफटाइमला लाउडस्पीकरवर बोलणाऱ्या माणसाने जाहीर केलं, "वांगोबा क्लबचं अजून भरीत झालेलं नाही, प्रेक्षकांनी जागा सोडू नये." खेळ सुरू झाला तरी आमचाच बॅक पोट धरून हसत होता. त्याच्या बाजूने गोल झाला, मग त्याच बाजूने आणखी झाले. बरोबर उत्तर आहे, 'आपलाच माणूस हसत बसला म्हणून.'

त्या जर्सी तीन सीझन वापरल्या. दुसऱ्या घ्यायची ऐपत नव्हती आणि नाव बदललं म्हणून नशीबही काही बदलत नव्हतं.

* * *

एकदा मात्र आम्ही एका गोलने पुढे होतो. खरंच होतो. मॅच संपायला आली होती. कवडूभाऊ तेव्हा खेळायचे, त्यांनी वेळ काढायला म्हणून बॉल जोरात बाहेर मारला आणि तो मैदानामागच्या झुडपात गेला. त्याच झुडपातून दोन दिवसांपूर्वी वाघाने गाय नेली होती.

बॉल एकच होता. रेफरी म्हणाला, "कोण आणते?"

कोणी हललं नाही. समोरच्या टीमचा कप्तान म्हणाला, "तुमीच वाघोबा ना? तुमीच जा."

मॅच रद्द झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळवली, तेव्हा आम्ही व्यवस्थित हरलो.

रद्द झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी गावातली एक बाई मोहफुलं वेचून आली. टोपलीत फुलांवर आमचा बॉल ठेवला होता. मोरेश्वरभाऊंनी तिला विचारलं, "बाई, तुले भेव नाई वाटलं?"

ती म्हणाली, "कायचं भेव? मी तं रोजच जातो तिकडं. यंदा फुलं कमी पडून राह्यली, हे एवढं मोठं सापडलं."

मोरेश्वरभाऊ त्या दिवशी बाकावर आले नाहीत.

* * *

कवडूभाऊंचे जावई पुण्याला कंपनीत आहेत. दिवाळीला आले की टपरीवर येतात. विदेशातल्या कुठल्याशा मोठ्या क्लबचे ते फॅन आहेत. मोबाइलवर त्या क्लबचा इतिहास दाखवत होते, कोणता कप कधी, कोणी कितव्या मिनिटाला गोल मारला. सगळं पाठ. माणूस हुशार, बोलणंही गोड.

मोरेश्वरभाऊंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् हरले काऊन?"

"अहो काका, हरले नाहीत, जिंकले. तेच तर सांगतोय."

"जिंकल्याचं का सांगाचं, जावईबापू? ते तं त्या मोबाइललेही मालूम आहे."

जावई हसले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा क्लब कधीच जिंकला नाही?"

"जिंकला ना. एक डाव जिंकला."

"कोणाविरुद्ध?"

मोरेश्वरभाऊंनी कवडूभाऊंकडे पाहिलं. कवडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिघांनी बराच वेळ डोकं खाजवलं. जिंकलो होतो हे नक्की, गुलालही उडाला होता. कोणाला हरवलं ते एकालाही आठवेना.

* * *

पुढचे किस्से सांगताना हसू येत नाही, तरी सांगतो, कारण क्लबचा इतिहास तोही आहे.

आमच्याकडे टुर्नामेंट होतात धान निघाल्यावर. त्याच दिवसांत तेलंगणात मिरची तोडायचा सीझन असतो. गाड्या येतात आणि घरंच्या घरं भरून घेऊन जातात. आधी आमचा एखादा फॉरवर्ड जायचा, मग दोन जायला लागले, मग बॅक गेले. टीम फॉर्मात येते आणि मिरचीला निघून जाते. पोरांना काय बोलणार? मिरचीने घर चालतं, फुटबॉलने गुडघा फुटतो.

दिनेश मिरचीला गेला नाही. तो हैदराबादकडे एका गोदामात लागला आणि कायमचाच तिकडचा झाला. पहिल्या वर्षी मॅचसाठी दोनदा आला. नंतर फोन यायचा. मग फोनही बापानेच करायचा, असं झालं. मोरेश्वरभाऊ फोन लावून आधी टुर्नामेंटची तारीख सांगायचे, तब्येत मागून विचारायचे. मी शेजारी बसून ऐकायचो आणि मला त्यांचा राग यायचा. पोराला सरळ 'ये' म्हणावं ना माणसाने.

मागच्या साली आमची टीम उतरलीच नाही. त्या दिवसांत एका संध्याकाळी कवडूभाऊंनी, गंमत म्हणूनच, बाकावर विचारलं, "यंदाची टुर्नामेंट. हरलो काऊन?"

मोरेश्वरभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "हरलो नाई आपण. हराले अकरा माणसं लागतात."

त्यानंतर बाकावर परीक्षा झाली नाही. नवीन माणूस येतही नव्हता म्हणा.

* * *

आता शेवटचा. हा यंदाचा आहे.

चिमूरकडच्या एका गावात टुर्नामेंट होती. लागोपाठ दोन साल जी टीम उतरणार नाही तिचं नाव कायमचं काढायचं, असा त्यांचा नियम. मोरेश्वरभाऊंनी कोणाला न विचारता आमच्या क्लबचं नाव देऊन टाकलं. दिनेशला फोन केला. दिनेश म्हणाला, येतो बाबा, तिकडे गावची चार पोरं आहेत, त्यांनाही आणतो. कॉलेजची दोन पोरं इथून तयार झाली. मिरचीला न गेलेले एक-दोन धरले. सात झाले तरी मैदानात उतरता येतं. मोरेश्वरभाऊंनी जर्सी धुतल्या, माझ्या दुकानासमोरच्या तारेवर वाळत घातल्या आणि दिवसभर तिथेच बसून राहिले.

आम्ही तिघं सकाळच्या एसटीने निघालो. जर्सीची पिशवी त्यांच्या मांडीवर. चिमूरच्या अलीकडे दिनेशचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकला. सुट्टी नाही मिळाली, बाबा. बाकीचे चारही त्याच्याच गोदामात.

"बरं," मोरेश्वरभाऊ म्हणाले. "जेवला का?"

मैदानावर पोचलो. मिरचीला न गेलेले एक-दोन आलेच नाहीत. कॉलेजची दोन पोरं आली होती, पण आम्हाला पाहून त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या अंगात दुसऱ्याच टीमची जर्सी होती. कवडूभाऊ त्यांना शिव्या द्यायला निघाले, मी हात धरला. मी म्हटलं, "मोरेश्वरभाऊ, चला घरी. नाव काढतील तर काढू द्या."

त्यांनी ऐकलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा लाउडस्पीकरवर पुकारा झाला, दोन्ही कप्तानांनी मैदानात यावं. मोरेश्वरभाऊंनी पिशवी कवडूभाऊंकडे दिली, चप्पल रेषेबाहेर काढून ठेवली आणि आत चालत गेले. पांढरा शर्ट, पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडलेली. काही लोक हसले. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. मी त्यांना परत आणायला म्हणून मागोमाग गेलो.

मध्यरेषेवर समोरच्या टीमचा कप्तान आधीच उभा होता. रेफरी भला माणूस होता. हळूच म्हणाला, "काका, तुमची टीम कुठी आहे?"

"येऊन राह्यली. टॉस तं करा."

रेफरीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याने नाणं उडवलं. मोरेश्वरभाऊ म्हणाले, "छापा." छापा पडला.

मोरेश्वरभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदाच असेल, टॉस जिंकला. रेफरीने विचारलं, "कोणती बाजू घेता, काका?"

मोरेश्वरभाऊंनी घाई केली नाही. डोळ्यांवर हात धरून आधी एका गोलपोस्टकडे पाहिलं, मग वळून दुसऱ्याकडे पाहिलं. दोन्ही रिकामे होते.

"ते शाळेकडची द्या," ते म्हणाले. "इकडून दिनेशच्या डोळ्यावर ऊन येते."