जिलानी आणि चुकवता न येणारी गोळी

लातुरात ट्यूशनवाल्या गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर चोवीस वर्षं जिलानी आहे. गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडू नकोस, असं मी त्याला शंभरदा बजावलं असेल. तो मान डोलावतो आणि करायचं तेच करतो. कुणाची पट्टी कधी संपणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं.

ट्यूशनसाठी होस्टेलात राहणारी उदगीरची मंजुश्री फिटच्या गोळ्या न्यायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. दहाची पट्टी पाच दिवसांत संपायला हवी. डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा महिन्यावर आली तेव्हा ती दहाव्या दिवशी उगवली आणि जिलानी भडकला.

"संध्याकाळची घेत न्हाईस ना, बेटा?"

पोरगी रडायलाच लागली. गोळीनं झोप येते, रोज सकाळी टेस्ट, अभ्यास करायचा कधी? अप्पांना कळवलं तर ते घरी नेतील. फिट येतात हे होस्टेलात सोडा, नात्यातही कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न ठरायचं म्हणून असली दुखणी झाकायची, ही आम्हा लिंगायतांच्या घरांतली जुनी खोड. मला या खोडीची चीड आहे, पण मी तिच्या अप्पांच्या, वीरण्णांच्या जागी असतो तर मीही झाकलंच असतं.

जिलानीनं अट घातली. दोन्ही वेळेला दुकानात यायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळायची. ती येऊ लागली. एकदा म्हणाली, "काका, शास्त्रज्ञ विरघळणाऱ्या प्लास्टिकचा इवलासा तुकडा काढून राहिलेत. त्यात औषध भरायचं आन् थेट मेंदूवर ठेवायचा. औषध महिनोन्‌महिने झिरपत राहतं आन् तुकडा आपोआप विरघळतो."

"टाक्याच्या दोऱ्यावानी?"

"हाव, तसाच. औषध अंगभर पसरत न्हाई, म्हणून सुस्ती कमी. अजून उंदरांवरच चाललंय. पण मी डॉक्टर होईपर्यंत येईल बघा. मग गोळी चुकवायचा प्रश्नच न्हाई."

"येईल तवा येईल. आज तोंड उघड."

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळचे सहा वाजले. मंजुश्री आली नाही. साडेसहा झाले, फोन वाजत राहिला. काउंटरवर गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि जिलानी सगळं टाकून निघाला. मी शिव्या देत त्याच्या मागं धावलो.

होस्टेलच्या फाटकावर राखणदार नागुबाई आडवी आली. "गड्यामाणसाला आत जाता येत न्हाई."

"मंजुश्री कुठाय?"

"न्हाणीत. अर्धा घंटा झाला, पाणी चालू हाय."

फाटकाशी परीक्षेसाठी आलेले आईबाप उभे होते. त्यात उदगीरचेही चारदोन चेहरे माझ्या ओळखीचे. जिलानी काय बोलणार ते मला कळलं. मी त्याची बाही धरली. "गप्प बस. पोरीचं लग्न जमायचं नाही!"

त्यानं हात झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "तिला फिट येते! दार तोडा!"

नागुबाई बाजूला झाली. जिलानीच्या दोन लाथांत न्हाणीची कडी तुटली. मंजुश्री ओल्या फरशीवर पडली होती, हातपाय झटके देत होते, तोंड पाण्यात. कुणीतरी हुंगवायला चप्पल आणली, ती जिलानीनं भिरकावली. पोरीला कुशीवर वळवलं, डोकं पाण्याबाहेर धरलं. मी बाही धरून ठेवण्यात किती वेळ घालवला, एवढंच माझ्या मनात येत होतं.

पोरगी वाचली. परीक्षा मात्र हुकली.

रविवारी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात वीरण्णा जिलानीवर धावून आले. "चार लोकांत माझ्या लेकीची बदनामी केलीस! आता हिला कोण करून घेईल?"

जिलानी शांतपणे म्हणाला, "माझी बहीण वहिदा, अप्पा. अशाच फिट यायच्या. कुणाला कळू नये म्हणून आम्ही तिच्या गोळ्या घरात लपवून ठेवायचो. किल्लारीच्या भूकंपात घर पडलं, ती वाचली. मी तीन दिवस लोकांची माणसं मातीतून काढून राहिलो. औषधाचा तंबू शेजारीच होता. बहिणीला गोळ्या द्या, एवढं म्हणायचं होतं. लाजंनं म्हटलं न्हाई. चौथ्या दिवशी फिट आली, त्यातच गेली. सतरा वर्षांची होती."

चोवीस वर्षांत मला त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

वीरण्णा बाकावर बसले. मग इकडंतिकडं न बघता, व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "माझ्या पोरीची फिटची गोळी किती वाजता असती?"