पहिल्या घोटापर्यंत

सुभद्रामावशीने चहा हातात दिला, की समोरच्याने पहिला घोट घेईपर्यंत ती जागची हलायची नाही. रिकामा ट्रे पोटाशी धरून तुमच्या तोंडाकडे बघत उभी. एखादा नवा मास्तर अवघडून म्हणायचा, "जा मावशी, पितो मी." त्यावर ती म्हणायची, "प्या की. मी कुठं तुमचा हात धरून राहिले?" पण हलायची नाही ती नाहीच. या उभं राहण्यामागचं कारण मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्यात मी मिरवावं असं काही नाही.

कळमनुरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात ती शिपाई होती आणि मी मराठीची बाई. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. शाळेत स्टोव्ह होता, कपबश्या होत्या, पण चहा शाळेत होत नसे. मावशीने फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन सांगायचं, मग हॉटेलवाल्याचा माणूस किटली घेऊन यायचा, तोच कपात ओतायचा. मावशी बौद्ध वस्तीतली. उष्ट्या कपबश्या विसळायला तिचे हात चालायचे, चहा करायला चालायचे नाहीत. याविषयी कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. वर्गात समतेचा धडा घसा फोडून शिकवायचा आणि मधल्या सुट्टीत हॉटेलचा तो काळा काढा मुकाट प्यायचा, असं माझं चाललं होतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही स्टाफने गाडी ठरवली, दक्षिण बघायला. मावशीने आपणहून नाव दिलं. हेडसर म्हणाले, "तुला काहून जायचंय इतक्या लांब?" ती म्हणाली, "तुमाला काहून जायचंय, सर?" विषय तिथेच संपला.

निलगिरीच्या डोंगरात एक चहाचा कारखाना बघितला. ओल्या पाल्याचा वास दारातच आला. लांबच लांब जाळ्यांवर हिरवी पानं पसरलेली, खालून पंख्याचा वारा. पानं रात्रभर अशी मलूल पडतात, मग यंत्रात चुरगाळली जातात, मग ओलसर हवेत पसरून ठेवली की हिरव्याची तांबूस होतात, आणि शेवटी भट्टीत वाळून काळी. चाळणीतून जाड पत्ती वेगळी, बारीक भुकटी वेगळी. आम्ही माना डोलवत पुढे सरकत होतो. मावशी मात्र जाळीपाशीच थांबली. दोन माणसं उघड्या हातांनी पानं पसरत होती, कोपरापर्यंत हात पाल्यात.

तिने दाखवणाऱ्या माणसाला आपल्या कळमनुरीच्या हिंदीत विचारलं, "पत्ती तोडते कौन?"

"औरतें, अम्मा. मजदूर औरतें. सब हाथ से."

शेवटी सगळ्यांना नमुन्याचा चहा मिळाला. हेडसरांनी फुरका मारला आणि छान आहे म्हणाले. मावशी शांतपणे म्हणाली, "सर, त्या बायांची जात इचारून येऊ का?"

हेडसरांना ठसका लागला. बाकीचे खिडकीतून डोंगर बघायला लागले. मीही डोंगरच बघितला.

शाळा उघडली. मधल्या सुट्टीत हेडसर म्हणाले, "जा, हॉटेलात चहा सांगून ये."

"सांगायला जाणार न्हाई. करून देते. कसा होतो ते बघून आले मी."

"मेमो देईन."

"द्या. सही येते मला."

मेमो खरंच निघाला. तिने सही केली, कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि स्टोव्ह पेटवला. नोकरी जाण्याची भीती तिला नव्हती असं नाही, नवरा वारलेला, दोन लेकरं शिकत होती. पण ट्रे घेऊन ती आली, प्रत्येकासमोर कप ठेवला आणि उभी राहिली. कुणीही कप उचलला नाही. चहावर साय धरली. घंटा झाल्यावर तिने सगळे कप मागच्या लिंबाच्या बुडाशी ओतले, विसळले, पालथे घातले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

चौथ्या दिवशी मी कप उचलला. घोट घेतला आणि म्हणाले, "मावशी, मी पहिल्याच दिवशी प्यायला हवा होता."

मला वाटलं, ती म्हणेल, असू द्या बाई. ती म्हणाली, "व्हय. प्यायला पायजे होता."

मग हळूहळू एकेक कप उचलला गेला. हेडसर बदली होईपर्यंत घरून थर्मास आणत राहिले, आणि मावशी रोज त्यांच्यासमोर कप ठेवत राहिली.

पुढे दहा-बारा वर्षांनी ती निवृत्त झाली. निरोपाच्या सभेत नव्या हेडसरांनी भाषण केलं, मावशींच्या हातचा चहा आमच्या शाळेला पहिल्यापासून किती प्रिय वगैरे. मावशी शाल बाजूला ठेवून उठली. "पयल्यापासून न्हाई, सर. पयले तीन दिवस कोणीच प्यालं न्हाई. ते बी सांगा लेकरांना."

त्या तीन दिवसांतले आम्ही दोघंतिघंच तिथे उरलो होतो, आणि माझ्याखेरीजचे चपलांकडे बघत होते. मी उभी राहिले. चारशे पोरांसमोर म्हणाले, "खरं आहे. मीसुद्धा प्यायले नव्हते."

मावशीने माझ्याकडे बघून मान हलवली. मग पदर खोचला आणि आपल्याच निरोपाचा चहा ओतायला घेतला. पहिला कप तिने माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली.