वायुनंदिनीचं बारसं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि उद्या कुठे भेटलोच, तर तोंड चुकवायची सोय आहे. बघितलंत? सुरुवातीलाच पळवाट शोधून ठेवली. माझा स्वभाव हळूहळू तुमच्या लक्षात येईल.

मांजरीजवळच्या एका घोडेस्वारीच्या क्लबात मी चोवीस वर्षं मॅनेजर आहे. राहतो शनिवार पेठेत, जातो-येतो स्कूटरवरून, आणि घोड्यावर आयुष्यात एकदाही बसलेलो नाही. लांबून बरे वाटतात मला ते. फॉर्म भरणं, स्पर्धांच्या प्रवेशिका पाठवणं, हिंजवडीहून दोन तास गाडी चालवत मुलीला घेऊन येणाऱ्या आईबापांच्या तक्रारी ऐकणं, हे माझं काम. आणि आणखी एक काम, जे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, मीच अंगावर घेतलं होतं — घोड्यांची नावं शोधणं.

घोड्याला दोन नावं असतात. एक पागेतलं, हाक मारायचं — राणी, काळू, पिंट्या, काहीही. दुसरं स्पर्धेचं. ते कागदावर चढतं, कार्यक्रमपत्रिकेत छापलं जातं, घोडा मैदानात उतरला की लाउडस्पीकरवरून पुकारलं जातं. एकदा नोंदलं की ते बदलायच्या भानगडीत कुणी पडत नाही. बाकीचे क्लब थंडर, प्रिन्स, डायमंड असली नावं ठेवतात. आमच्याकडे ते चालायचं नाही. म्हणजे — मला चालायचं नाही. मेघवर्ण, शरदचंद्र, विद्युल्लता, सगळी माझी. शब्दकोश उघडून, दोन-दोन रविवार घालवून शोधलेली. आपण शोधलेलं नाव भर मैदानात घुमतं तेव्हा काय वाटतं, सांगू? मुलाच्या दहावीच्या निकालालासुद्धा मला तेवढं वाटलं नव्हतं. हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण आज खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय.

किसनराव आमचे सईस, घोड्यांची निगा राखणारे. माझ्याही आधीपासून क्लबात. मांजरीचेच, अंगाने किडकिडीत, बोलणं मोजकं. पागेच्या मागे दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहायचे. तेरा-चौदा वर्षांपूर्वी आमच्या एका घोडीला शिंगरू झालं आणि तिसऱ्या दिवशी घोडी पोटदुखीने गेली. डॉक्टर म्हणाले, पिल्लू जगेल असं धरून चालू नका. किसनरावांच्या बायकोने घरची शेळी आणली, बाटलीला रबरी बोंडी लावली, आणि दर दोन तासांनी त्या शिंगराला दूध पाजलं. किती आठवडे, ते मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की बाईंच्या लुगड्याला कायम दुधाचा आंबूस वास यायचा आणि मी त्यांच्याशी बोलताना एक पाऊल मागे सरकायचो. शिंगरू जगलं. जगलं म्हणजे काय, चार वर्षांत अशी तुकतुकीत तांबूस घोडी झाली की बघणाऱ्याचा पाय निघू नये. पागेत तिला सगळे नुसतं 'पोरी' म्हणायचे.

ती स्पर्धेत उतरणार असं ठरलं तेव्हा तिच्यासाठी मी नाव शोधून तयार होतो. वायुनंदिनी. पण क्लबच्या मालकीणबाई — आम्ही त्यांना मॅडम म्हणतो — त्यांच्या मनात निराळंच आलं. ही घोडी सगळ्यांची आहे, म्हणाल्या, आपण हिचं बारसं करू, प्रत्येकाने एक नाव चिठ्ठीवर लिहायचं, बादलीत टाकायचं, निघेल ते नाव. मी हसून 'छान कल्पना' म्हणालो. आतून काय झालं होतं मला? जळफळाट. अहो, इतकी वर्षं नावं दिली, ती काय बादलीतून काढून?

चिठ्ठ्यांसाठी कागद मीच कापून वाटले, सगळे पांढरे, सारख्या आकाराचे. बारशाच्या दिवशी सकाळी किसनराव ऑफिसच्या दारात उभे. कागद खराब झाला होता, खाडाखोड झाली होती. "साहेब, दुसरा हाय का?" पांढरे कागद संपले होते. टेबलावर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं पिवळं पाकीट पडलं होतं, त्याचा एक तुकडा फाडून दिला. चालेल ना हो, म्हणालो, कोण बघतंय? त्यांनी तिथेच, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ लावून काहीतरी लिहिलं. घडी घातली. आणि जाताना तोंडावर हात ठेवून हसले — पन्नाशीचा माणूस, कानापर्यंत लाल झाला होता. मला तेव्हा गंमत वाटली.

संध्याकाळी पागेसमोर पन्नासेक माणसं जमली. घोडीच्या गळ्यात झेंडूची माळ, पेढे, मुलांचा गोंधळ. किसनराव मागे, भिंतीला लागून उभे, आणि त्यांच्याजवळ लोखंडी खुर्चीवर त्यांची बायको, नव्या हिरव्या लुगड्यात. ती बाई एरवी कुठल्या कार्यक्रमाला यायची नाही. एका आठ वर्षांच्या मुलीने बादलीत हात घातला, चिठ्ठी काढली आणि वाचायला माझ्याकडे दिली. मराठी वाचायचं म्हटलं की त्या मुलांच्या कपाळावर आठ्याच.

चिठ्ठी पिवळी होती.

मी मागे बघितलं. का बघितलं? नसतं बघितलं तर निदान — नाही, काही फरक पडला नसता. किसनराव खाली वाकून बायकोच्या कानात काहीतरी सांगत होते. ती बाई उठून उभी राहिली. पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला, दोन्ही हातांनी नीट केला. जणू कुणी तिचा फोटो काढणार होतं.

चिठ्ठीवर लिहिलं होतं — हौसा.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. किसनरावांच्या विम्याचा फॉर्म मीच भरलेला होता. त्यात वारस म्हणून नाव होतं हौसाबाई. तेही त्यांनी तोंडाने सांगितलं नव्हतं, रेशन कार्ड पुढे केलं होतं. त्यांच्या घरात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. 'आमची मंडळी', 'घरचे', 'ऐकलं का' — बस, एवढ्यावर जन्म काढलेला. त्या माणसाने बायकोचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहून बादलीत टाकलं होतं. जे त्याला स्वतःला उच्चारता येत नव्हतं, ते लाउडस्पीकरने मैदानभर उच्चारावं म्हणून.

आणि मी मोठ्याने वाचलं — "वायुनंदिनी!"

टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, वा, हे तर आपल्या मॅनेजरसाहेबांचंच असणार, नशीबवान आहात! मी लाजल्यासारखं केलं. चिठ्ठी मुठीत होती, ती खिशात गेली. मागे ती बाई खाली बसली. मग आजूबाजूचे टाळ्या वाजवताहेत हे बघून तिनेही वाजवल्या.

मी स्वतःला किती कारणं दिली असतील? अक्षर लागलं नाही. उजेड कमी होता. तोंडातून आपसूक गेलं. बरीच वर्षं मी यातलं एकेक आलटून पालटून वापरलं. पण अक्षर लागलं होतं हो. मोठं, गोल, शाळेतल्या पोरासारखं अक्षर होतं. सांगायला लाज वाटते, पण ते नाव माझ्या नावापेक्षा चांगलं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. दोन अक्षरं. कुठल्याही मैदानात, कुठल्याही निवेदकाला म्हणता येईल असं. मला त्याचाच राग आला.

अजून पुढचं आहे, आणि तेच खरं वाईट आहे. चिठ्ठी ओळखीची आहे, पिवळी एकच आहे, आणि किसनरावांनी ती माझ्या हातात बघितली आहे, हे मला ठाऊक होतं. पकडला जाण्याची भीती नाही वाटली? नाही वाटली. का, तर ते बोलू शकणार नाहीत हे मला ठाऊक होतं. बोलायचं तर सांगावं लागणार, की माझी चिठ्ठी होती, तिच्यावर हे नाव होतं. आणि पन्नास माणसांसमोर ते नाव त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं. चिठ्ठी वाचली आणि तोंड उघडलं, त्या मधल्या क्षणात मी एवढा विचार केला. त्यांच्या लाजेच्या भरवशावर मी बिनधास्त राहिलो. एरवी मला साधं स्कूटर कुठे लावावी हे ठरवायला पाच मिनिटं लागतात.

चिठ्ठी मी घरी जाऊन फाडली, बारीक तुकडे केले. बायकोने विचारलं काय फाडताय, तर म्हणालो, जुनं बिल.

दुसऱ्या दिवशी किसनराव नेहमीसारखे. "नमस्कार साहेब." चेहऱ्यावर काही नाही. एकदा ओरडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं — असं मी म्हणतो खरं, पण घातल्या असत्या तर मी सरळ नाकबूल गेलो असतो. एवढं मी स्वतःला ओळखतो. फक्त एक झालं. तोवर ते घोडीला दिवसातून शंभरदा 'ए पोरी' म्हणून हाक मारायचे. त्यानंतर कधी नाही. नुसतं जिभेने च्-च् करायचे. इतर सईस तिला नंदू म्हणायला लागले, पण किसनरावांनी तिला कुठल्याच नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. पहिले काही महिने मी मुद्दाम पागेच्या बाजूने जायचो, कान देऊन. मग जाणंच बंद केलं.

तिच्या पहिल्या स्पर्धेला हौसाबाई आल्या होत्या. कठड्यापाशी उभ्या. निवेदक बाहेरगावचा होता, 'वायूनांदनी' असं काहीतरी पुकारलं त्याने, आणि मी मनातल्या मनात त्याला निरक्षर ठरवत होतो, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"आता पुकारली ती आपलीच का हो?"

त्यांना कळलं नव्हतं. जिला बाटलीने दूध पाजलं, तिचं नाव मैदानभर वाजलं आणि बाईंना ते ओळखू आलं नाही. मी म्हणालो, हो, आपलीच. त्या म्हणाल्या, "मोठं नाव हाय." टोमणा होता का? आम्ही पेठेतली माणसं, प्रत्येक वाक्यात टोमणा शोधतो. बाईंच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. त्या नुसत्या घोडीकडे बघत होत्या, डोळे भरून. मी खिशातला किल्ल्यांचा जुडगा घट्ट दाबून धरला होता. नवऱ्याने घरी जाऊन त्यांना काय सांगितलं असेल? वेगळीच चिठ्ठी निघाली म्हणून सांगितलं? की खरं सांगितलं, आणि दोघांनी मिळून मला सोडून दिलं? यातलं कुठलं जास्त वाईट, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

घोडीने पुढे खूप बक्षिसं आणली. ऑफिसच्या भिंतीवर तिचे फोटो आहेत, खाली पितळी पट्टीवर नाव कोरलेलं. कुणी विचारलं की मॅडम कौतुकाने सांगतात, हे नाव यांनी शोधलंय. मी 'छे छे' म्हणतो. दरवेळी 'छे छे' म्हणतो, आणि दरवेळी लोकांना वाटतं, किती विनयशील माणूस.

गेल्या महिन्यात किसनराव निवृत्त झाले. छोटासा समारंभ ठेवला होता, शाल-श्रीफळ, चार शब्द. निवेदन अर्थातच माझ्याकडे. चार शब्दांत मी त्यांच्या निष्ठेबद्दल बोललो — हो, निष्ठा हाच शब्द वापरला. शेवटी मॅडमनी जाहीर केलं, की आता जी नवी घोडी स्पर्धेत उतरणार आहे, तिचं नाव किसनरावांनी ठेवावं, त्यांचा तो मान आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माईक त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो धरला. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फार शांतपणे, आणि बराच वेळ. मला वाटलं, आता. आता हा माणूस बोलणार.

"नाव साहेबच देत्यात," ते म्हणाले. "त्यांनाच देऊ द्या." आणि माईक माझ्या हातात परत दिला.

मी तुम्हाला काय सांगू? जागा करून दिली होती त्यांनी. एक शब्द म्हणायचा होता, दोन अक्षरांचा. बाकी काही कबूल करावं लागलं नसतं, कुणाला काही कळलंही नसतं — फक्त त्या दोघांना कळलं असतं. हौसाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मी "मनस्विनी" म्हणालो.

आणि ते नाव मला ऐनवेळी सुचलं नव्हतं. घोडीचं नाव किसनरावांकडून ठेवून घ्यायचं, हे मॅडमनी मला आठवडाभर आधी सांगितलं होतं. त्यानंतरच्या रविवारी शब्दकोश घेऊन बसलो, नाव शोधलं, कागदावर लिहिलं आणि समारंभाला जाताना खिशात घालून गेलो.