नऊ डब्यांची वाटणी

मंगळवार, ३ जून २०२५. ऊन कडक. गुलनाज नांदेडहून आली. तिच्या मानसशास्त्राच्या परीक्षेसाठी प्रयोग करायचा होता, तो तिने आजीवरच, खतीजाबींवर केला. उत्तरं टिपायला मला बसवलं. पन्नास उत्तरं, खाडाखोड एकही नाही. पंचवीस बरोबर, पंचवीस चूक.

निर्मलाबाईंच्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे. त्या पंचवीस चुकांनी हिंगोलीतली एक अख्खी गल्ली पुढचे चार दिवस कामधंदा सोडून भांडत बसेल, हे लिहिताना त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

शेजारच्या खतीजाबी गाद्या-रजया भरायच्या. कळमनुरीहून लग्न होऊन आल्या तेव्हापासून चाळीस वर्षं त्यांच्या हातून कापूसच गेला. रजईच्या प्रत्येक चौकोनात कापूस सारखा पडला पाहिजे, नाहीतर पांघरणाऱ्याचे पाय भाजतात आणि छाती गारठते. चौकोन भरता भरता त्यांचा हातच तराजू झाला. मग लोक त्यांना वाटणीला बोलावू लागले. भावाभावांची हळद असो, लग्नात उरलेली बुंदी असो, खतीजाबी येऊन बसायच्या, हाताने ढीग करायच्या, "बराबर" म्हणायच्या आणि उठायच्या. सगळ्यात मोठा मान बकरी ईदचा. गल्लीतल्या घराघरांतून गरिबांचा वाटा अबूबकरच्या अंगणात जमायचा आणि ज्यांच्याकडे कुर्बानी नाही अशा बावीस घरांसाठी त्याचे बावीस ढीग खतीजाबी लावायच्या. त्यावर कोणी कधी ब्र काढला नव्हता.

यंदाची ईद शनिवारी होती, आणि मंगळवारी हा प्रयोग झाला.

वजनातला किती बारीक फरक माणसाच्या हाताला कळतो, हे गुलनाजला मोजायचं होतं. तिने औषधाच्या नऊ सारख्या डब्या काळ्या रंगवून आणल्या होत्या. आत वाळू. सगळ्यात हलकी अठ्ठ्याऐंशी ग्रॅमची, मग तीन-तीन ग्रॅम वाढवत सगळ्यात जड एकशे बाराची. मधली शंभराची डबी आधी हातात द्यायची, मग दुसरी कोणतीही, आणि विचारायचं: दुसरी जड की हलकी? सारखी म्हणायला परवानगी नव्हती.

इथेच सगळं बिनसलं. वाटणी करणाऱ्याने कोणता वाटा उणा आहे हे तोंडाने कधी काढू नये, असा खतीजाबींचा नियम होता. उणा वाटला तर गुपचूप भरायचा. आता नात तर उण्यालाच उणं म्हणायला लावत होती. पहिल्या डबीला त्या "जड" म्हणाल्या. लगेच पुढच्या डबीला "हलकी". मग जड, मग हलकी. पन्नास वेळा, एकदाही पाळी न चुकवता.

"नानी, हातात धरून सांग ना," गुलनाज काकुळतीला आली.

"धरूनच सांगून राहिले. एकीलाच सारखं हलकं म्हनलं तर तिला काय वाटंल?"

गुलनाजने हिशेब केला आणि निकाल खाली मान घालून सांगितला. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी इतकीच बरोबर आली असती. म्हणजे शास्त्राप्रमाणे नानीच्या हाताला फरक कळत नाही.

दुर्दैवाने कोपऱ्यावरचे किराणावाले पुनमचंद तेव्हा दारात उभे होते. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून ते खतीजाबींच्या हाताकडे जरा वाकड्या नजरेनेच पाहायचे.

"आता काटाच शिकलेला पायजे, खतीजाबी," ते म्हणाले. "हात पडला अंगठेबहाद्दर."

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. सुदामला अकरा वर्षांपूर्वीची हळदीची वाटणी आठवली आणि त्याने थोरल्या भावाशी बोलणं टाकलं. भिकाबाईने आपली आणि जावेची अशा दोन रजया दोरीवर टांगल्या, खाली उभं राहून बराच वेळ निरखल्या आणि आपलीच पातळ आहे असं जाहीर केलं. कुणाच्या तरी बारशातल्या बुंदीचाही विषय निघाला. ते बारसं ज्याचं, तो पोरगा आता एसटीत कंडक्टर आहे. बुधवारी सकाळी अबूबकर स्वतः आला. टोपी हातात घेऊन, चहा न पिता, त्याने सांगितलं की यंदा पुनमचंद शेठचा काटा मागितलाय, प्लॅस्टिक अंथरून त्यावर वाटे करू. तुम्हाला उगीच तकलीफ नको.

तो गेल्यावर खतीजाबी हात धुऊन आल्या आणि दुपारी, गुलनाज झोपली असताना, चटईवर बसल्या.

मंगळवारी उजवा हात झाला होता, गुरुवारी डाव्या हाताचा प्रयोग होता. निर्मलाबाई पेन घेऊन बसल्या. पहिली जोडी दिली. खतीजाबी म्हणाल्या, "बराबर." दुसरी दिली. "बराबर." तिसरीलाही तेच.

"नानी, बराबर म्हणायचं नाही असं ठरलंय."

"मग बराबरला काय म्हनू?"

गुलनाजने दोन डब्या स्वतः उचलून पाहिल्या. मग दुसऱ्या दोन. तिचा चेहरा उतरला. नऊही डब्या ओढणीत घालून ती पुनमचंदच्या दुकानात धावली. मागोमाग निर्मलाबाई वही घेऊन, त्यांच्यामागे खतीजाबी, आणि त्यांच्यामागे भिकाबाई, काही कारण नसताना.

पुनमचंदनी डब्या एकेक करून काट्यावर ठेवल्या आणि आकडा मोठ्याने वाचला. शंभर. शंभर. शंभर. चौथ्या डबीनंतर त्यांचा आवाज बसला. नववी नव्व्याण्णव भरली.

"चिमूटभर वाळू चटईवर सांडली," खतीजाबी म्हणाल्या. "झाडूनबी निघाली न्हाई."

"नानी, काहून केलंस असं?" गुलनाजच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझा प्रयोग गेला की."

"तू नऊ लेकरं आणून बसवली माझ्यापुढं. कोणाला भरून, कोणाला उपाशी. मला बघवलं न्हाई."

पुनमचंदनी काटा बंद करून पुन्हा चालू केला, फुंकर मारली, फडक्याने पुसला. पुन्हा नऊ आकडे तेच. मग दुकानापुढे जमलेल्या लोकांना त्यांनी ठासून सांगितलं की माणसाच्या हाताने असं होऊच शकत नाही. याचा अर्थ काटाच बिघडलाय. कंपनीचा माणूस येईस्तोवर त्यावर काही तोलणार नाही.

गुलनाजने कॉलेजच्या सरांना फोन लावून सगळी हकीकत सांगितली. सर म्हणाले, डब्या सारख्या झाल्या तर प्रयोगच उरला नाही. उजव्या हाताचा कागद आहे तोच सोमवारी द्या. घरी येऊन तिने तो कागद आजीपुढे धरला. यात लिहिलंय की तुझ्या हाताला फरक कळत नाही, असंच जाऊ दे का?

"जाऊ दे. कागदाला कुठं वाटा द्यायचाय?"

शुक्रवारी अबूबकर काटा मागायला गेला तेव्हा पुनमचंद अडचणीत सापडले. काटा चांगला आहे म्हणावं, तर त्या नऊ डब्या खऱ्या ठरत होत्या. ते म्हणाले, बिघडलाय. अबूबकरने विचारलं, नक्की? ते म्हणाले, एकदम नक्की. तिथून अबूबकर थेट खतीजाबींकडे आला आणि या खेपेला चहा प्याला.

शनिवारी त्याच्या अंगणात बावीस ढीग लागले. सुदाम भिंतीवर बसून डोळे बारीक करून पाहत होता. खतीजाबींनी एका ढिगातला तुकडा उचलला, दुसऱ्यात ठेवला, क्षणभर थांबल्या आणि तोच तुकडा परत पहिल्यात ठेवला.

"बराबर," म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

त्या संध्याकाळी निर्मलाबाईंनी वहीत लिहिलं: खतीजाबींच्या घरून मटण आलं. फ्रिजमध्ये जागा नव्हती, दही बाहेर काढून ठेवलं.