राहून गेलेला सत्कार

सत्काराची यादी मी केली होती, हे आधीच सांगून टाकते. ज्यांचं नाव राहिलं ते माझ्याच हातून राहिलं. पण त्या एका नावापायी त्या दिवशी जे झालं त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी पीएच.डी. करते. विषय आहे मेंढ्यांच्या रक्तातले परजीवी. गोचिडं अंगाला लागली की त्यांच्यामार्फत ते रक्तात शिरतात, मेंढराला ताप भरतो, ते चारा सोडतं, डोळ्यांच्या आतली लाली जाऊन पांढरंफटक पडतं आणि चार दिवसांत मरतं. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. अक्कलकोटच्या अलीकडे आमची वस्ती आहे, घरी मेंढरं आहेत, आणि शाळेत जायच्या आधीपासून मी कोकरं मरताना बघत आलेय. संशोधनाला लागले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या कळपातली एकेक मेंढी पायात धरून दिली आणि मी रक्त घेतलं. मग भावकीतल्या लोकांनाही त्यांनीच तयार केलं. रक्त काढलं की जनावर खंगतं, अशी आमच्याकडे पुष्कळांची खात्री असते. आबा त्यांना म्हणाले, "काडू द्या रं. कशानं मरत्यात ते माजी पोरगी सांगंल." एवढ्या शब्दावर लोकांनी आपली जनावरं माझ्या सुईपुढे आणली.

ते रक्त आमच्या विभागाच्या फ्रीजरमध्ये पडून आहे. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसतात, पण नेमके कुठल्या जातीचे हे नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो, आणि जात कळल्याशिवाय औषधाबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. तपासायचं यंत्र आमच्याकडे आहे बरं का. कुठल्याशा अनुदानातून आलं, फीत कापली, नारळ फोडला, फोटो झाले, आणि त्या दिवसापासून ते निळ्या कापडाखाली झाकून ठेवलंय. चालवायला कुणालाच येत नाही. बिघडलं तर जबाबदार कोण, म्हणून हात लावायला बंदी. दर सोमवारी त्या कापडावरची धूळ मी झटकते, तेवढी मुभा मला आहे.

म्हणून हैदराबादच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा मी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. तीन आठवडे, फक्त संशोधक विद्यार्थ्यांसाठी, राहण्या-जेवणाची सोय त्यांची, आणि शिकवणार होते नेमकं हेच तंत्र. प्रत्येक विभागानं एका विद्यार्थ्याची शिफारस करायची. अर्जावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घ्यायचा, तो स्कॅन करायचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या संकेतस्थळावर चढवायचा. आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक एकच. ते स्वतःच मला म्हणाले, "प्रशिक्षण घेऊन ये बाळ, मग यंत्र तुझंच." विभागात दुसरं कुणी इच्छुकही नव्हतं. राहिली होती ती एक सही.

सोमवारी सकाळी अर्ज भरून सरांपुढे ठेवला. "ठेव, बघतो," सर म्हणाले. आमचे सर अतिशय गोड बोलतात. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. आमच्या विभागाची एक रीत आहे, सरांना एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. सांगितलं तर सरांना विसराळू म्हटल्यासारखं होतं. तरीही मी बुधवारी सांगितलं. "कार्यशाळेची गडबड आहे ना बाळ, शुक्रवारी ती उरकली की निवांत करू." गुरुवारी पुन्हा सांगितलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "तुझं होणारच आहे. मी आहे ना." शिक्का त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. मी मान डोलावून बाहेर आले.

आता त्या शुक्रवारच्या कार्यशाळेचा विषय ऐका. 'संशोधक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक विकासाच्या संधी.' फलकावर हे शब्द माझ्याच हस्ताक्षरावरून छापून आले होते. आणि हे संशोधक विद्यार्थी त्या दिवशी कुठे होते? दोघे फाटकापाशी गाड्या लावून घेत होते. एक जण जेवणाच्या पानांचा हिशेब बघत होता. दोघी पहाटे सहापासून रांगोळी काढत होत्या. मी औक्षणाच्या तबकाची आणि सत्काराच्या तबकाची मानकरी. ज्यांच्या विकासासाठी हा घाट घातला त्यांतला एकही खुर्चीत बसलेला नव्हता. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून अकरावीच्या पोरांना आणून बसवलं होतं. ती बिचारी डबा कधी उघडायचा याची वाट बघत होती.

दहाचं उद्‌घाटन पावणेबाराला सुरू झालं. मग सत्कार. आमच्याकडे कार्यक्रम म्हणजे सत्कार, आणि त्यातून वेळ उरलाच तर विषय. चादर, नारळ, गुलाबाचं फूल. कुणाचा सत्कार कुणाच्या हस्ते, याचं गणित पीएच.डी.च्या प्रबंधापेक्षा अवघड असतं. मोठ्याचा सत्कार लहानाच्या हस्ते झाला तर मोठा नाराज, लहानाचा मोठ्याच्या हस्ते झाला तर बाकीचे लहान नाराज. ती यादी मी चार वेळा बदलली होती. पुण्याहून आलेल्या एक बाई अर्ज कसा करावा, शिफारसपत्र कसं मागावं, यावर दोन तास बोलायची तयारी करून आल्या होत्या. त्यांना वीस मिनिटं मिळाली. त्या म्हणाल्या, "अर्ज कधीही शेवटच्या दिवसावर ठेवू नका." अकरावीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीला टेकून रिकामं तबक धरून उभी होते आणि मला त्या चांगल्या बाईंचाही राग आला.

जेवणं झाली आणि सव्वातीनला सर माझ्याकडे जवळजवळ पळत आले. एक निवृत्त प्राचार्य पहिल्या रांगेत बसले होते, त्यांचा सत्कार राहिला होता. नावच यादीत नव्हतं. ते काही बोलले नव्हते, फक्त जेवण न घेता उठले आणि आपल्या गाडीत जाऊन काचा वर करून बसले होते.

"यादी कुणी केली?" सरांनी विचारलं.

"मी, सर."

"असं कसं झालं बाळ? जा, पटकन नव्या पेठेतून चांगली चादर आणि नारळ घेऊन ये. मी त्यांना बोलतं ठेवतो."

अर्जाची फाइल माझ्या हातातच होती. सकाळीच मी ती त्यांच्या टेबलावरून परत उचलली होती. मी म्हणाले, "सर, ती सही तेवढी... पाचला बंद होतंय."

सर माझ्याकडे बघतच राहिले. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा गोडवा गेला. "अगं, तो माणूस रुसून बसलाय, आणि तुला सहीचं पडलंय?"

मी गेले. हे लिहितानाही माझे कान तापतात, पण मी गेले. रिक्षा केली, नव्या पेठेत उतरले, दुकानात चादरी उलगडून दाखवायला लागले तर म्हटलं कुठलीही द्या. दुकानदार म्हणाला, "ताई, घाई करू नका, सत्काराची हाय ना? रंग बगून घ्या." नारळ दुसऱ्या गल्लीत मिळाला. परत आले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. माझी विभागातली मैत्रीण, तेलुगू विणकरांच्या घरातली, लॅपटॉपवर हैदराबादचं पान उघडून आणि शेजारी स्कॅनर जोडून बसली होती. बाकी सगळी माहिती तिनं भरून ठेवली होती. "फक्त कागद आण," ती म्हणाली.

पण प्राचार्य नुसत्या चादरीवर मानणारे नव्हते. सत्कार सभागृहातच व्हायला हवा होता. पांगलेल्या पोरांना पुन्हा गोळा केलं, माईक पुन्हा लावला. मी तबक घेऊन मंचावर उभी राहिले, आणि तबकाखाली धरली होती ती फाइल. सरांनी प्राचार्यांना चादर पांघरवली, नारळ दिला, फोटो झाला. मग प्राचार्यांना दोन शब्द बोलावेसे वाटले. आमच्या वेळी अशा संधी नव्हत्या, ते म्हणाले, तुम्ही पोरं नशीबवान आहात. ते पंचवीस मिनिटं बोलले.

सर माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. खिशात पेन होतं. फाइल माझ्या हातात होती. शेवटच्या रांगेच्या मागून मैत्रीण मला बोटांनी मिनिटं दाखवत होती, वीस, मग पंधरा. मला एवढंच करायचं होतं, दोन पावलं पुढे जायचं, अर्ज तबकावर ठेवायचा आणि म्हणायचं, सर, आत्ता. लोकांनी बघितलं असतं. प्राचार्य बोलायचे थांबले असते. बस, एवढंच झालं असतं. मी हलले नाही. सरांचा राग येतो, प्राचार्यांचा येतो, त्या चादरींचा आणि नारळांचा येतो, पण त्या मंचावर शहाण्या पोरीसारखी उभी राहिलेली मी डोळ्यांपुढे आली की सगळ्यात जास्त राग तिचा येतो.

भाषण संपल्यावर सर प्राचार्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. मी मागोमाग गेले. गाडीपाशी पुन्हा गप्पा सुरू झाल्या, कुणाच्या मुलाचं लग्न कुठे जमलं वगैरे. मी तीन पावलांवर उभी. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. वर मैत्रीण लॅपटॉप मिटून बसली होती. ती चिडली की तेलुगूत बोलते. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

सहाच्या सुमाराला सरांनी मला बोलावलं. ते खुशीत होते, दिवस नीट पार पडला होता. "आण बाळ तो अर्ज," म्हणाले. मी सांगितलं, सर, मुदत संपली. "अरेरे," सर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं, हे मला दिसत होतं. "आधी आठवण करायची ना गं." तरी त्यांनी सही केली. कपाट उघडलं, शिक्का काढला, शाईच्या डबीवर दाबला आणि सहीखाली व्यवस्थित, सरळ उमटवला. "असू दे तुझ्याकडे. पुढच्या वेळी कामाला येईल." वर अहवाल सोमवारपर्यंत लिहून द्यायला सांगितलं, फोटोंसकट. तो मी दिला. त्यात शेवटचं वाक्य आहे की कार्यशाळेचा संशोधक विद्यार्थ्यांना मोठा लाभ झाला.

रविवारी सकाळी आबांचा फोन आला. मेंढरं होटगीच्या बाजूला चारायला नेली होती.

"कवा जायाचं हैद्राबादला?" त्यांनी विचारलं.

"न्हाय जायाचं आबा. राहिलं ते."

"का? न्हाय म्हनलं व्हय त्यांनी?"

"न्हाय. न्हाय कुनीच म्हनलं न्हाय."

"मग?"

मी जे झालं ते सांगितलं. एक साहेब रुसले होते, त्यांच्यासाठी चादर आणायला मी बाजारात गेले होते, तेवढ्यात वेळ संपली. सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं.

आबा म्हणाले, "ह्या आटवड्यात तीन कोकरं गेली. रक्त दिलेली लोकं रोज इचारत्यात की. त्यास्नी काय सांगू? साहेब रुसला हुता म्हनून सांगू?"